जुन्या पिकअप ट्रकाची ब्रेक-यंत्रणा : सुधारणेमागील यांत्रिक तत्त्वे

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात अमेरिकेत बांधले गेलेले हलके मालवाहू ट्रक, ज्यांना सामान्यतः पिकअप म्हणतात, आज पाऊणशे वर्षांनंतरही रस्त्यावर चालताना आढळतात. शेव्हरोले कंपनीने १९४७ साली बाजारात आणलेली व १९५५ च्या प्रारंभापर्यंत चाललेली ट्रकांची मालिका, तसेच फोर्ड कंपनीचे १९४८ नंतरचे एफ-मालिकेतील ट्रक ही त्यांची सुपरिचित उदाहरणे होत. मुंबईसही हा वर्ग अपरिचित नव्हता. जनरल मोटर्सचा शिवडी येथील जोडणी-कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत चालू होता आणि तेथे शेव्हरोले गाड्यांची जोडणी होत असे.

अशा वाहनांचे जतन करणारे त्यांना नवे एंजिन, नवी गिअर-पेटी व रुंद टायर बसवितात; त्यामुळे वाहनाचा वेग वाढतो, परंतु त्याला थांबविणारी यंत्रणा पुष्कळदा मूळचीच राहते. यावर उपाय म्हणून पुढील चाकांना डिस्क ब्रेक बसविण्याची प्रथा रूढ झाली आहे. ही सुधारणा हितकारक आहे यात संशय नाही. तथापि ब्रेक-यंत्रणा ही सुट्या भागांची बेरीज नसून परस्परावलंबी राशींची रचना आहे. एक भाग बदलला की इतर भागांवरील भार बदलतो, आणि अविचाराने केलेला बदल मूळ यंत्रणेहूनही धोकादायक ठरू शकतो. ही परस्परावलंबने कोणती, त्यांचे आकडेमोडीने काय चित्र दिसते, आणि त्यांवरून सुधारणेचा क्रम कसा ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूळ यंत्रणेचे स्वरूप

द्रवदाबाने चालणाऱ्या ब्रेकचा पाया पास्कालच्या नियमात आहे. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोचतो. म्हणून लहान क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर दिलेले बल मोठ्या क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर त्या प्रमाणात वाढून मिळते. माल्कम लॉकहीड याने या तत्त्वाचा मोटारीसाठी उपयोग केला, आणि १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक आले. शेव्हरोलेने ही पद्धती १९३६ च्या, तर फोर्डने १९३९ च्या नमुन्यांपासून स्वीकारली.

महायुद्धोत्तर पिकअपमध्ये मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चॅसिसला जखडलेला असे आणि पेडल तळफळीतून वर येई. मास्टर सिलिंडरात एकच दट्ट्या असे. त्यातून निघालेली एकच नळी पुढे फाटे फुटून चारही चाकांच्या सिलिंडरांस पोचे. चाकावर ओतीव लोखंडाचा ड्रम, त्याच्या आत दोन अर्धचंद्राकृती शू व त्यांवर घर्षणद्रव्याचे लायनिंग, अशी रचना असे. शेव्हरोलेच्या अर्ध्या टनाच्या ट्रकात १९५१ पासून बेंडिक्स पद्धतीचे शू आले, ज्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

ही यंत्रणा आपल्या काळातील वेग, टायर व रस्ते यांस अनुरूप होती. तिचे मूल्यमापन करताना ती कोणत्या कार्यासाठी योजिली होती हे विसरून चालणार नाही.

ऊर्जेचा हिशेब

ब्रेकचे कार्य म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे होय. सर्व विवेचनात एकच उदाहरण वापरणे सोयीचे होईल : १,८०० किलोग्रॅम वस्तुमानाचा रिकामा ट्रक, पुढील व मागील आसांमधील अंतर २.९५ मीटर (शेव्हरोलेच्या अर्ध्या टनाच्या ट्रकाचे ११६ इंच अंतर एवढेच भरते), गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर, आणि स्थिर अवस्थेत पुढील आसावर ५८ टक्के भार. यांतील वस्तुमान, उंची व भारविभागणी हे आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्ष वाहनाचे आकडे वजनकाट्यावर घ्यावे लागतील.

ताशी १०० किलोमीटर वेगास या ट्रकाची गतिज ऊर्जा सुमारे ६९४ किलोज्यूल असते. ताशी ५० किलोमीटरला ती केवळ १७४ किलोज्यूल असते. वेग दुप्पट होताच ऊर्जा चौपट होते, ही गोष्ट शालेय असली तरी एंजिन बदलताना नेमकी तीच विसरली जाते. दर सेकंदास ६ मीटर प्रति सेकंद या मंदनाने हा ट्रक थांबविल्यास त्याला ६४ मीटर अंतर व ४.६ सेकंद लागतात. म्हणजे ब्रेक सरासरी १५० किलोवॅट, अर्थात सुमारे २०० अश्वशक्ती, या दराने ऊर्जा शोषून घेतात. १९४७ च्या शेव्हरोले ट्रकाचे २१६ घनइंची एंजिन सुमारे ९० अश्वशक्तीचे होते. वाहनातील सर्वांत शक्तिमान यंत्र एंजिन नसून ब्रेक असतात, हे या तुलनेवरून स्पष्ट होईल.

ही उष्णता प्रथम ड्रमच्या लोखंडात साठते. पुढील ब्रेकांनी ७० टक्के भाग उचलला तर प्रत्येक पुढील ड्रमला सुमारे २४३ किलोज्यूल मिळतात, आणि ड्रम १० किलोग्रॅमचा असल्यास त्याचे तापमान एका थांब्यात सुमारे ५० अंश सेल्सिअसने वाढते. एक थांबा धोक्याचा नाही. परंतु ५०० मीटर उंचीचा घाट उतरताना हाच ट्रक ८,८०० किलोज्यूल स्थितिज ऊर्जा गमावतो. म्हणजे वरील प्रकारच्या पावणेतेरा थांब्यांची उष्णता. तिचा काही भाग एंजिन व हवेचा विरोध घेतात, बाकीची ब्रेकांवर पडते. ड्रमच्या आतील पृष्ठभागास हवा सहज लागत नाही, म्हणून तो सावकाश निवतो. मूळ यंत्रणेची खरी कसोटी एका जोरकस थांब्यात नसून लांबच्या उतारावर असते.

स्वयंवर्धन आणि ब्रेकचा ऱ्हास

ड्रम ब्रेकमध्ये एक उपयुक्त गुण आहे. फिरणारा ड्रम आपल्या घर्षणाने शूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे शूवरील दाब पेडलने दिलेल्या बलापेक्षा अधिक होतो. यास स्वयंवर्धन म्हणता येईल. बेंडिक्स पद्धतीत हा परिणाम दोनदा साधला जातो : पहिला शू तरंगता असून तो आपल्यावरील घर्षणबल मधल्या जोडणीतून दुसऱ्या शूच्या टोकास देतो, आणि दुसरा शू स्थिर खिळीवर टेकून ते पुन्हा वाढवितो. म्हणूनच साहाय्यक यंत्रणा नसतानाही त्या काळचा चालक जड वाहन पायाने थांबवू शके.

या गुणाची किंमत मात्र मोजावी लागते. स्वयंवर्धक ब्रेकचा गुणक स्थूलमानाने घर्षणगुणक भागिले (एक वजा घर्षणगुणकाची काही पट) या स्वरूपाचा असतो. ती पट १.५ धरली आणि घर्षणगुणक ०.४ असला, तर मूल्य ०.४ भागिले ०.४, म्हणजे १ येते. लायनिंग तापून घर्षणगुणक ०.३ झाला, तर ०.३ भागिले ०.५५, म्हणजे ०.५५ येते. घर्षणगुणकात २५ टक्के घट झाली, परंतु ब्रेकच्या बलात ४५ टक्के घट झाली. शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून शूंपासून दूर जातो, त्यामुळे पेडल अधिक खोल जाते. चालकास जाणवणारा ऱ्हास या दोन्ही कारणांच्या संयोगाने घडतो. डाव्या व उजव्या लायनिंगच्या घर्षणगुणकात थोडा फरक पडला तरी तोही असाच वाढून दिसतो आणि वाहन एका बाजूस ओढले जाते.

डिस्क ब्रेकमध्ये स्वयंवर्धन नाही. चकतीच्या दोन्ही अंगांवर पॅड दाबले जातात आणि गुणक केवळ घर्षणगुणकाच्या दुप्पट असतो. घर्षणगुणक २५ टक्क्यांनी उतरला तर बलही २५ टक्केच उतरते. चकती उघडी असल्यामुळे लवकर निवते, तापल्यावर जाडीने वाढून पॅडकडेच सरकते, आणि तिच्यावरील पाणी फिरण्यानेच झटकले जाते. फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते, परंतु त्याचे सामर्थ्य सर्वांच्या नजरेस आले ते १९५३ साली, जेव्हा डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९५५ च्या सित्रोएन डी. एस. मोटारीत पुढील चाकांना ते आले. शेव्हरोलेच्या अर्ध्या टनाच्या पिकअपला कारखान्यातूनच पुढील डिस्क ब्रेक मिळण्यास १९७१ साल उजाडावे लागले.

तात्पर्य, डिस्क ब्रेकचे श्रेष्ठत्व अधिक बलात नसून समप्रमाणतेत व उष्णता टाकण्याच्या क्षमतेत आहे. तेवढ्याच बलासाठी त्याला ड्रमपेक्षा कितीतरी अधिक दाबणारे बल लागते, आणि पुढील सर्व प्रश्न येथूनच उद्भवतात.

सुधारणेची पहिली पायरी : दोन मंडले

सुधारणेचा विचार बहुधा डिस्कपासून सुरू होतो. तो मास्टर सिलिंडरापासून सुरू व्हावा. मूळ यंत्रणेत द्रवाचे मंडल एकच असल्यामुळे मागील चाकाजवळची एक रबरी नळी फुटली तरी चारही चाकांचा दाब नाहीसा होतो आणि चालकाच्या हाती केवळ हातब्रेक उरतो. ड्रम उत्तम स्थितीत असोत वा नसोत, या दोषावर त्यांचा काहीच इलाज नाही.

द्विमंडल मास्टर सिलिंडरात एकाच नळकांड्यात एकामागे एक असे दोन दट्टे व दोन स्वतंत्र द्रवकोठ्या असतात. एक मंडल गळाले तर त्याचा दट्ट्या पुढे सरकून टेकतो आणि दुसरे मंडल दाब धरते. पेडल खोल जाते, पण वाहन थांबते. अमेरिकेत कॅडिलॅक व अमेरिकन मोटर्स यांनी ही रचना १९६२ च्या नमुन्यांत आणली, आणि १ जानेवारी १९६८ पासून प्रवासी मोटारींना ती संघीय सुरक्षा-मानकाने बंधनकारक झाली.

मात्र दोन मंडलांचे संरक्षण सारखे नसते. उदाहरणातील ट्रकाचे टायर व कोरडा रस्ता यांमधील आसंजन-गुणक ०.८ धरला, तर केवळ पुढील ब्रेकांनी मिळू शकणारे कमाल मंदन सुमारे ५.६, तर केवळ मागील ब्रेकांनी मिळणारे कमाल मंदन सुमारे २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. ताशी ८० किलोमीटर वेगावरून पहिल्या अवस्थेत ४४ मीटरमध्ये, तर दुसऱ्या अवस्थेत ८९ मीटरमध्ये वाहन थांबेल. पुढील मंडल गेल्यास थांबण्याचे अंतर दुप्पट होते. तथापि एकमंडल यंत्रणेत त्या प्रसंगी पायाच्या ब्रेकने ते मोजताच येत नाही. ज्याच्याजवळ एकाच सुधारणेपुरते साधन आहे त्याने हीच सुधारणा प्रथम करावी, हे यावरून उघड आहे.

व्यासाची निवड

मास्टर सिलिंडरचा व्यास हा यंत्रणेतील सर्वांत निर्णायक आकडा असून त्याचीच निवड पुष्कळदा दुकानात जे मिळेल त्यावरून होते. चालकाने पेडलवर ३०० न्यूटन बल दिले व पेडलचे तरफ-प्रमाण ६ असले, तर दट्ट्यावर १,८०० न्यूटन येतात. व्यास १ इंच असता क्षेत्रफळ ५०७ चौरस मिलिमीटर व दाब ३.५५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर होतो. व्यास सव्वाएक इंचापेक्षा किंचित कमी, म्हणजे १ १/८ इंच, घेतला तर क्षेत्रफळ ६४१ होऊन दाब २.८१ वर उतरतो. उलटपक्षी २५ मिलिमीटर सरकण्याने पहिला सिलिंडर १२.७ घन सेंटिमीटर द्रव पुढे ढकलतो, तर दुसरा १६.० घन सेंटिमीटर. व्यास इंचाच्या अष्टमांशाने वाढताच द्रव २७ टक्के वाढला आणि दाब २१ टक्के घटला.

म्हणून "मोठा सिलिंडर म्हणजे मोठा ब्रेक" ही समजूत निखालस चुकीची आहे. मोठ्या व्यासाने पेडल उंच व कठीण होते, लहान व्यासाने ते खोल व हलके होते. कॅलिपरच्या मोठ्या दट्ट्यांस पुरेसा द्रव मिळेल एवढा व्यास मोठा आणि पुरेसा दाब मिळेल एवढा तो लहान असावा, या दोन अटींमध्ये निवडीचे क्षेत्र अरुंद असते.

अमेरिकन पिकअपवर नेहमी आढळणारा सुमारे ७५ मिलिमीटर व्यासाच्या एका दट्ट्याचा कॅलिपर घेतला, तर ३.५५ च्या दाबाने पॅडवर सुमारे १५,७०० न्यूटन बल येते. घर्षणगुणक ०.३५, चकतीची परिणामी त्रिज्या ०.१२ मीटर व चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर धरल्यास दोन्ही पुढील चाकांवर मिळून रस्त्यालगत सुमारे ७,५०० न्यूटन रोधक बल मिळते. १,८०० किलोग्रॅमच्या ट्रकास हे एकटेच ४.२ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदन देते. म्हणजे योग्य व्यास व योग्य तरफ असल्यास साहाय्यक यंत्रणेवाचूनही डिस्क ब्रेक चालू शकतात.

निर्वात साहाय्यक

चालकाचे श्रम कमी करण्यासाठी एंजिनच्या अंतर्ग्रहण-नळीतील निर्वाताचा उपयोग केला जातो. ८ इंच व्यासाच्या पडद्यावर ०.०६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढा दाबातील फरक मिळाला, तर त्याचे बल सुमारे १,९५० न्यूटन होते. ३०० न्यूटनच्या पायास ४ च्या तरफेने १,२०० न्यूटन मिळतात. दोहोंची बेरीज ३,१५० न्यूटन होऊन १ १/८ इंची सिलिंडरातही ४.९ चा दाब उत्पन्न होतो. साहाय्यकासह मोठा व्यास व लहान तरफ, साहाय्यकावाचून लहान व्यास व मोठी तरफ, अशी ही जोडी आहे. एका पद्धतीचा सिलिंडर दुसऱ्या पद्धतीच्या पेडलला लावल्यास पेडल दगडासारखे कठीण, किंवा उलट अतिसंवेदनशील होते.

दोन मर्यादा लक्षात ठेवणे अवश्य आहे. पहिली, साहाय्यक ब्रेकची क्षमता वाढवीत नाही. तो केवळ पायाचे काम करतो; तापलेल्या ड्रमला त्याचा काहीही उपयोग नाही. दुसरी, त्याचे बल निर्वातावर अवलंबून असते. शर्यतीच्या धर्तीचा कॅमदंड बसविलेल्या एंजिनात मंद गतीस निर्वात अल्प असतो, आणि उंच प्रदेशात वातावरणाचा दाबच कमी असल्यामुळे बल घटते. एंजिन बंद पडले तर एकेरी झडपेमागे साठलेला निर्वात एकदोन वेळा पेडल दाबण्यास पुरतो. त्यानंतर वाहन केवळ पायाच्या बलाने थांबविता आले पाहिजे, हा निकष संकल्पनेच्या वेळीच पाळला गेला पाहिजे.

पुढील व मागील चाकांचा समतोल

येथे प्रश्नाचा गाभा येतो. ब्रेक लावताच वाहनाचा भार पुढे झुकतो. उदाहरणातील ट्रकात स्थिर अवस्थेत पुढील आसावर १०,२४० व मागील आसावर ७,४२० न्यूटन भार आहे. ६ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदनास सुमारे २,५६० न्यूटन भार मागून पुढे जातो. पुढे १२,८०० व मागे ४,८५० न्यूटन उरतात. ०.८ च्या आसंजनाने मागील चाके जास्तीत जास्त ३,८८० न्यूटन रोधक बल घेऊ शकतात. त्यापुढे ती फिरायची थांबून घसरू लागतात.

आता समजा, पुढे डिस्क बसविली आणि मागे बेंडिक्स पद्धतीचा ड्रम मूळच्याच १ इंची सिलिंडरासह ठेवला. ३.५५ च्या दाबाने शूवर १,८०० न्यूटन बल, ब्रेकचा गुणक ४ व ड्रमची त्रिज्या ०.१४ मीटर धरल्यास दोन्ही मागील चाकांवर ५,७६० न्यूटन रोधक बल उत्पन्न होते. हे ३,८८० च्या मर्यादेच्या जवळजवळ दीडपट आहे. पुढील चाके मात्र ७,५०० न्यूटन घेत असून त्यांची मर्यादा १०,२०० ची आहे. तात्पर्य, मागील चाके आधी जखडतात. पुढील चाके आधी जखडल्यास वाहन वळत नाही, पण सरळ जाते. मागील चाके आधी जखडल्यास मागचा भाग पुढे येऊ पाहतो आणि वाहन स्वतःभोवती फिरते. अशा रीतीने उत्तम पुढील ब्रेक बसवून वाहन अधिक धोक्याचे करता येते. कारण उघड आहे : डिस्कला स्वयंवर्धन नसल्यामुळे यंत्रणेचा दाब वाढवावा लागला, आणि तोच वाढलेला दाब स्वयंवर्धक मागील ड्रमला अनाहूतपणे मिळाला.

मागील सिलिंडर लहान करणे हा एक उपाय सुचतो. ७/८ इंची सिलिंडराने मागील बल ४,४१० न्यूटनवर येते, जे अद्याप अधिक आहे. ३/४ इंचीने ३,२४० वर येते, जे सुरक्षित आहे. परंतु पिकअप हे मालवाहू वाहन आहे. मागील आसावर ५०० किलोग्रॅम माल ठेवला आणि गुरुत्वमध्य ०.८ मीटर उंचीवर गेला, तर त्याच मंदनास मागील आसावर सुमारे ८,५८० न्यूटन भार असतो व मागील चाके ६,८६० न्यूटन रोधक बल घेऊ शकतात. रिकाम्या ट्रकात बेसुमार ठरलेले ५,७६० न्यूटन भरलेल्या ट्रकात यथायोग्य ठरतात, आणि रिकाम्या ट्रकात सुरक्षित असलेले ३,२४० न्यूटन भरलेल्या ट्रकात अपुरे पडतात. कोणताही एक स्थिर आकडा दोन्ही अवस्थांस न्याय देऊ शकत नाही.

या अडचणीवर प्रमाणक झडपेची योजना केली जाते. ठरावीक दाबापर्यंत ती मागील मंडलास पूर्ण दाब जाऊ देते. त्यापुढे मागील दाब पुढील दाबाच्या काही अंशानेच वाढतो. सौम्य ब्रेक लावताना भार फारसा सरकत नाही म्हणून पूर्ण दाब योग्य, आणि तीव्र ब्रेक लावताना भार सरकतो म्हणून मर्यादा योग्य, असे तिचे तर्कशास्त्र आहे. हाताने जुळविता येणारी झडप रिकाम्या अवस्थेस जुळवावी, कारण धोका त्याच अवस्थेत आहे. भरलेल्या अवस्थेत थोडे बल वाया जाते, ते सहन करावे. आस व चॅसिस यांमधील अंतर तरफेने जाणून मागील दाब आपोआप बदलणारी भारसंवेदी झडप हा अधिक परिपूर्ण उपाय होय.

याखेरीज पुढे डिस्क व मागे ड्रम असलेल्या यंत्रणेत एक रोखक झडपही असते. मागील शूंना परत खेचणाऱ्या स्प्रिंगांचा विरोध मोडेपर्यंत ती पुढील पॅडना अडवून धरते, जेणेकरून हलक्या ब्रेकाच्या वेळी, विशेषतः निसरड्या रस्त्यावर, सर्व काम पुढील चाकांवर पडू नये.

मागेही डिस्क बसवावी काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. रिकाम्या ट्रकाच्या मागील ब्रेकांवर एकूण रोधनाचा जेमतेम चौथा हिस्सा येतो, तेव्हा उष्णतेच्या दृष्टीने तेथे फारसा लाभ नाही. उलट ड्रममध्ये सहज साधणारा हातब्रेक डिस्कमध्ये अवघड होतो. सामान्य उपयोगासाठी मागील ड्रम राखणेच श्रेयस्कर दिसते.

जोडणीतील काही बारकावे

मास्टर सिलिंडर तळफळीखालीच ठेवल्यास त्यातील द्रवाची पातळी कॅलिपरपेक्षा खाली येते. पेडल सोडल्यावर द्रव कोठीकडे परत ओघळतो आणि पुढच्या वेळी पेडलचा पहिला दाब वाया जातो. यासाठी डिस्कच्या मंडलात प्रति चौरस इंच सुमारे २ पौंड अवशिष्ट दाब राखणारी झडप बसवितात. ड्रमच्या मंडलात हा दाब सुमारे १० पौंड ठेवतात, जेणेकरून व्हील सिलिंडरातील रबरी वाट्या फुगलेल्या राहाव्यात. ड्रमसाठी बनविलेल्या मास्टर सिलिंडराच्या निकासातच अशी १० पौंडांची झडप पुष्कळदा दडलेली असते. तो सिलिंडर डिस्कला जोडल्यास पॅड चकतीवर सतत घासत राहतात व ब्रेक तापतात. डिस्कचे पॅड झिजतात तसतसा कॅलिपरमध्ये अधिक द्रव सामावतो, म्हणून त्या मंडलाची कोठीही मोठी असावी लागते.

या काळातील शेव्हरोले ट्रकाचा पुढील आस अखंड तुळईचा असून चाके खुंट्यांवर वळतात. त्या खुंट्या व त्यांच्या धारव्या झिजलेल्या असतील तर चकती कॅलिपरमध्ये डगमगते आणि पॅड मागे ढकलले जातात. नवे ब्रेक जुन्या ढिल्या आसावर बसविणे व्यर्थ होय. मूळ गोळी-बेअरिंगांच्या जागी निमुळती रोलर-बेअरिंगे बसविण्याची संधी याच वेळी घ्यावी. नव्या चकतीमुळे चाक किती बाहेर सरकते व कॅलिपर चाकाच्या आतील कडेस लागतो काय, हे आधी मोजून घ्यावे.

जुन्या पोलादी नळ्या आतून गंजतात, कारण नेहमीचे ग्लायकॉलयुक्त ब्रेक-तेल हवेतील ओलावा शोषते. त्याच ओलाव्याने उत्कलनबिंदूही उतरतो : डॉट ३ प्रतीच्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू कोरड्या अवस्थेत २०५ व ओल्या अवस्थेत १४० अंश सेल्सिअस, तर डॉट ४ चा २३० व १५५ अंश असा मानकात दिला आहे. घाटात तेल उकळले तर नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला टेकते. सिलिकोनाचे डॉट ५ तेल ओलावा शोषीत नाही व रंगासही अपाय करीत नाही, परंतु ते इतर प्रतींत मिसळत नाही. ते वापरावयाचे तर सर्व रबरी भाग व नळ्या नव्याने घ्याव्यात. शुद्ध तांब्याची नळी वळविण्यास सोपी असली तरी कंपनाने कठीण होऊन तडकते, म्हणून ती वर्ज्य होय.

आरोग्याविषयी एक इशारा आवश्यक आहे. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकून किंवा दाबाच्या हवेने उडवू नये. ती ओली करून पुसावी व बंद पिशवीत ठेवावी. या धुळीचे परिणाम फुप्फुसांवर पुष्कळ वर्षांनी प्रकट होतात, म्हणूनच तिच्याबद्दल बेफिकिरी संभवते.

कसोटी

जोडणी पूर्ण झाल्यावर मास्टर सिलिंडरातील हवा तो वाहनास जोडण्यापूर्वीच काढावी, नंतर चाकांकडील हवा काढावी. एंजिन बंद ठेवून पेडल जोराने दाबून धरावे. ते सावकाश खाली जात असल्यास कोठेतरी गळती आहे. त्यानंतर मोकळ्या, सपाट व कोरड्या जागी अल्प वेगापासून प्रारंभ करून ब्रेक क्रमाक्रमाने अधिक तीव्रतेने लावावेत. मागील चाके कधीही प्रथम जखडू नयेत, हा एकच निकष प्रमाणक झडप जुळविताना पुरेसा आहे. हीच कसोटी ओल्या रस्त्यावर व भार भरल्यावर पुन्हा घ्यावी. शेवटी दोन मंडलांपैकी एकेकाचा दाब मुद्दाम मोकळा करून उरलेल्या मंडलाने वाहन थांबते किंवा नाही, हे अगदी अल्प वेगात पाहावे. ज्या संरक्षणासाठी द्विमंडल रचना केली, त्याची प्रचीती अपघाताच्या वेळी प्रथम घेण्यात शहाणपण नाही.

उपसंहार

उपर्युक्त विवेचनावरून सुधारणेचा क्रम असा ठरतो : प्रथम नळ्या, रबरी भाग, टायर व आस यांची दुरुस्ती, नंतर द्विमंडल मास्टर सिलिंडर, त्यानंतर पुढील डिस्क व तिच्याशी सुसंगत व्यास, तिच्याबरोबरच मागील दाबाचे नियंत्रण, आणि सर्वांत शेवटी, गरज असल्यास, निर्वात साहाय्यक. प्रत्यक्षात हा क्रम नेमका उलटा आढळतो, कारण साहाय्यकाचा परिणाम पायास तत्काळ जाणवतो, द्विमंडल रचनेचा परिणाम मात्र नळी फुटेपर्यंत जाणवत नाही.

जुन्या वस्तूचे मूळ रूप राखावे या दृष्टीनेही एक सावधगिरी इष्ट आहे. मूळ भाग न कापता, न जाळता, केवळ बोल्टांनी बसणारी सुधारणा निवडावी व काढलेले भाग जपून ठेवावेत, म्हणजे पुढील पिढीस मूळ रचना पुन्हा उभी करता येईल. ज्या ट्रकाचे संपूर्ण मूळ स्वरूपच अभ्यासाचा विषय आहे, त्यास मूळ ब्रेक उत्तम स्थितीत ठेवून मूळच्याच वेगाने चालविणे हाही पूर्णपणे शास्त्रशुद्ध मार्ग होय. वेग आणि ब्रेक यांची सांगड कोणत्याही बाजूने घालता येते. ती न घालता वाहन रस्त्यावर आणणे मात्र समर्थनीय नाही.